राखणदाराची शिदोरी

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न. रात्रभर ओरडायला जास्त ताकद लागते, की रात्रभर गप्प बसून जागं राहायला?

तुम्ही म्हणाल, ‘हा काय प्रश्न झाला? ओरडायलाच!’ थांबा, घाई करू नका. भामरागडच्या रानातला एखादा राखणदार डोळ्यांपुढे आणा. धान पिकायला आलंय. रानडुकरांचा कळप शिरला, तर वर्षाची मेहनत एका रात्रीत मातीत जाईल. म्हणून तो मचाणावर बसलाय. डुकरं आली, तर तो आरडाओरडा करील, डबा बडवील. पण ते किती वेळ? फार तर पाच-दहा मिनिटं. बाकीची सगळी रात्र त्याला नुसतं जागायचंय. सोबत भोपळ्याच्या तुंब्यात पेज नेलीय, ती ओरडण्यासाठी नव्हे, जागण्यासाठी. आणि ती मध्यरात्रीच संपली, पहाटे त्याला झोप लागली, तर? डुकरं काही त्याला विचारून येत नाहीत!

आज आपण अशाच एका राखणदाराच्या शिदोरीचा हिशेब करणार आहोत. त्याला हातपाय नाहीत, भूक मात्र आहे, आणि ती विजेची आहे. त्याचं नाव फायर अलार्म, म्हणजे आग लागल्याची वर्दी देणारी यंत्रणा. वही-पेन्सिल घेऊन बसा. गुणाकार-भागाकार येतो ना? मग झालं तर!

भामरागडच का?

मुंबई-पुण्यातल्या उंच इमारती सोडून हा हिशेब आपण भामरागडातच करणार आहोत. त्याला कारण आहे.

महाराष्ट्राचा नकाशा काढा. पूर्वेला अगदी कडेला, छत्तीसगडच्या सीमेला टेकलेला गडचिरोली जिल्हा दिसेल. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून हा वेगळा झाला. त्याच्या दक्षिणेकडच्या घनदाट जंगलात भामरागड आहे. जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरहून जास्त लांब. इथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकमेकींना भेटतात. आसपासच्या गावांतून माडिया गोंड लोक राहतात. जवळच हेमलकसा आहे. तिथे बाबा आमट्यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना चालवला. सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे वीज नव्हती. कंदिलाच्या आणि टॉर्चच्या उजेडात रोगी तपासावे लागत.

संगम दिसायला सुंदर, पण पावसाळ्यात याच नद्या गाव अडवून ठेवतात. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागलं, की आलापल्लीकडून येणारी वाट बंद! २०१९ च्या पावसाळ्यात तर पाणी गावातच शिरलं होतं. आता विजेच्या तारांचा विचार करा. मैलोन्‌मैल जंगलातून येणारी लाइन. वादळात एखादं झाड तारेवर पडलं, की दिवे गेले. शहरात लाइनमन तासाभरात येतो. इथे मात्र आधी झाड कुठे पडलं ते शोधायचं, मग वाट मोकळी व्हायची, मग दुरुस्ती.

या भागातली पुष्कळ मुलं आश्रमशाळेत राहून शिकतात. लांबलांबच्या पाड्यांवरून येतात आणि वसतिगृहातच झोपतात. एका खोलीत कितीतरी मुलं, शेजारी स्वयंपाकघर, आणि रात्री सगळे गाढ झोपेत. ‘आग लागली तर यांना उठवणार कोण?’ हा प्रश्न इथे नुसता पुस्तकातला राहत नाही.

झोपलेल्या माणसाचं नाकही झोपलेलंच असतं, बरं का! धुराच्या वासानं आपण जागे होऊ, असं पुष्कळांना वाटतं, पण त्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर उलट गुंगी आणतो. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच विदर्भात, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळं होती. ७ वाचली, १० दगावली. वेळेवर मिळालेली दोन-चार मिनिटं किती मोलाची असतात, ते अशा वेळी कळतं. ती मिनिटं मिळवून देण्यासाठीच तर हा न झोपणारा राखणदार हवा.

राखणदाराचं कुटुंब

आता समजा, भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत आपल्याला ही यंत्रणा बसवायची आहे. शाळा आपल्या कल्पनेतली, पण आकडे अशा यंत्रणेत असतात तसेच.

या कुटुंबात चौघं असतात.

पहिला, धूर ओळखणारा डिटेक्टर. छतावर उलट्या वाटीसारखा चिकटलेला असतो. त्याच्या आत अंधारी खोली, एक इवलासा दिवा आणि एक प्रकाश ओळखणारा डोळा असतो. दिव्याचा उजेड सरळ डोळ्यावर पडू नये, अशी त्यांची मांडणी केलेली असते. धुराचे कण आत शिरले, की उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि डोळ्याला दिसतो. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धुळीचे कण चमकताना पाहिलेत ना? तीच गंमत. हा दिवा सतत जळत नाही. दर काही सेकंदांनी क्षणभर लुकलुकतो, म्हणून याला वीज अगदी थेंबभर लागते. स्वयंपाकघरात मात्र धूर रोजचाच. तिथे तापमान ओळखणारा डिटेक्टर लावतात, नाहीतर फोडणी पडली रे पडली की भोंगा सुरू!

दुसरं, भिंतीवरचं लाल बटण. आग दिसली, की काच दाबून फोडायची. नुसतं बसलेलं असताना याला वीज लागत नाही.

तिसरा, भोंगा म्हणजे हूटर. तो एरवी गप्प असतो आणि काहीच खात नाही.

चौथं, पॅनेल. हा घरचा कर्ता. सगळ्या तारा याच्याकडे येतात. कोणत्या खोलीत धूर आहे, कोणती तार तुटली आहे, यावर हा रात्रंदिवस नजर ठेवतो. भोंग्याला ‘ओरड’ म्हणून हुकूम देणारा हाच.

आणि या सगळ्यांची शिदोरी म्हणजे बॅटरी. लाइन असते तेव्हा यंत्रणा लाइनवर चालते आणि बॅटरी चार्ज होत राहते. लाइन गेली, की क्षणाचाही खंड न पडता बॅटरी भार उचलते. ही बॅटरी केवढी हवी, तेच आपल्याला काढायचंय.

दोन भुका, दोन आकडे

राखणदाराच्या भुका दोन : जागण्याची आणि ओरडण्याची. दोन्ही वेगळ्या मोजायच्या. विजेची धारा अँपिअरमध्ये मोजतात, तिचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. प्रत्येक वस्तूच्या माहितीपत्रकावर हे आकडे छापलेले असतात. ते अंदाजानं घ्यायचे नाहीत, वाचून घ्यायचे.

आधी जागण्याची भूक. पॅनेल १०० मिलिअँपिअर घेतं. डिटेक्टर आहेत ३०, प्रत्येकी एक दशांश मिलिअँपिअर, म्हणजे सगळे मिळून ३. भोंगे आणि बटणं शून्य. बेरीज १०३ मिलिअँपिअर, म्हणजे ०.१०३ अँपिअर.

आता ओरडण्याची. भोंगे ८ आहेत, प्रत्येकी ६० मिलिअँपिअर, म्हणजे ४८०. पॅनेलचीही धावपळ वाढते, त्याला २०० लागतात. धूर लागलेल्या दोन डिटेक्टरांचे लाल दिवे पेटतात, त्यांचे प्रत्येकी २० प्रमाणे ४०. बेरीज ७२० मिलिअँपिअर, म्हणजे ०.७२ अँपिअर.

पाहिलंत? ओरडण्याची भूक सातपट! ‘मग आम्ही म्हणत होतो तेच बरोबर,’ असं तुम्ही म्हणाल. पण अजून वेळ कुठे मोजलाय आपण?

अँपिअर-तास म्हणजे काय?

बॅटरीत किती वीज मावते, ते अँपिअर-तासांत सांगतात. १ अँपिअर धारा १ तास घेतली, की खर्च १ अँपिअर-तास. अर्धा अँपिअर दोन तास घेतली, तरीही १. साधा गुणाकार : धारा गुणिले तास. पेजेचा तुंबा केवढा, आणि तासाला किती घोट, इतकाच हिशेब.

आता किती तास धरायचे? आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचं आय.एस. २१८९ हे मानक या यंत्रणांसाठी आहे. निरनिराळ्या देशांचे नियम थोडे वेगवेगळे आहेत. अमेरिकेतला नेहमीचा नियम असा, की लाइन गेल्यावर यंत्रणा २४ तास जागी राहिली पाहिजे, आणि त्यानंतरही ५ मिनिटं ओरडता आलं पाहिजे. ब्रिटिश पद्धतीत ओरडण्यासाठी अर्धा तास धरतात. आपण २४ तास आणि अर्धा तास घेऊन बघू.

जागण्यासाठी : ०.१०३ × २४ = २.४७२ अँपिअर-तास.
ओरडण्यासाठी : ०.७२ × ०.५ = ०.३६ अँपिअर-तास.
एकूण : २.८३२ अँपिअर-तास.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. शिदोरीचे आठ घास केले, तर त्यांतले सुमारे सात गप्प बसून जागण्यात गेले आणि एकच घास ओरडण्यात! भोंग्याची भूक मोठी, पण घटकाभराची. पॅनेलची भूक लहान, पण अष्टौप्रहर. थेंबे थेंबे तळे साचते म्हणतात ना, तसं थेंबे थेंबे तळं आटतंही.

याचा फायदा असा, की काटकसर कुठे करायची ते कळतं. ‘बॅटरी वाचवायला दोन भोंगे कमी लावू,’ असं कुणी म्हणालं, तर त्याला हा हिशेब दाखवा. एक भोंगा अर्ध्या तासात खातो फक्त ०.०३ अँपिअर-तास. याउलट कुणी शोभेसाठी पॅनेलवर २० मिलिअँपिअरचा एक सतत जळणारा दिवा जोडला, तर तो २४ तासांत ०.४८ खातो. म्हणजे १६ भोंग्यांचं अन्न एक दिवा फस्त करतो. आणि वीज पाच दिवस गेली, तर ८० भोंग्यांचं!

पुस्तकातले तास आणि नदीतले तास

२.८३२ हा आकडा जसाच्या तसा घेऊन दुकानात जायचं नाही. बॅटरी नवी असते तेव्हाच तिच्यावर छापलेला आकडा खरा. पुढे ती म्हातारी होते आणि तिच्यात कमी वीज मावते. म्हणून हिशेबात थोडी वरकड ठेवतात. आपण चौथा हिस्सा जास्त धरू, म्हणजे १.२५ नं गुणायचं. २.८३२ × १.२५ = ३.५४ अँपिअर-तास. बाजारात ७ अँपिअर-तासांची बॅटरी सर्रास मिळते. ती घेतली, की काम झालं. पुण्यात असतो, तर आपण इथेच वही मिटली असती.

पण आपण भामरागडात आहोत.

पुस्तकातले २४ तास कुठून आले? दिवसभरात कुणीतरी येईल, बिघाड काढील, लाइन सुरू होईल, अशी त्यामागे अपेक्षा आहे. पर्लकोटेला पूर आला असेल, तर ही अपेक्षा पाण्यात! म्हणून इथे पहिला प्रश्न पुस्तकाला विचारायचा नाही, गावाला विचारायचा. गेल्या चार-पाच पावसाळ्यांत सलग जास्तीत जास्त किती दिवस वीज नव्हती? शिपाईकाका सांगतील, स्वयंपाकाच्या मावशी सांगतील, शाळेजवळचा पिठाच्या चक्कीवाला तर तासानिशी सांगेल, कारण तेवढे दिवस त्याची चक्की बंद होती.

समजा उत्तर आलं, तीन दिवस. मग :
०.१०३ × ७२ = ७.४१६
अधिक ०.३६ = ७.७७६
गुणिले १.२५ = ९.७२ अँपिअर-तास.

७ ची बॅटरी नापास! १२ ची हवी. आणि उत्तर पाच दिवस आलं, तर?
०.१०३ × १२० = १२.३६
अधिक ०.३६ = १२.७२
गुणिले १.२५ = १५.९ अँपिअर-तास.

आता १८ ची बॅटरी लागणार. यंत्रणा तीच, भोंगे तेच, मुलंही तितकीच. बदलली ती फक्त नदी आणि वाट. ७ ची बॅटरी नवीकोरी असली, तरी आपल्या शाळेत ती ६४-६५ तासांच्या पुढे टिकणार नाही. म्हणजे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राखणदार झोपी जाणार. तीही नेमकी काळोखाची, पावसाची रात्र, जेव्हा खोल्यांतून मेणबत्त्या आणि कंदील पेटलेले असतात! वीज नसते तेव्हाच आगीची भीती वाढते, हे लक्षात ठेवा. ज्या रात्री राखणदार सर्वांत जास्त हवा, त्याच रात्री त्याची शिदोरी संपायला नको.

दोन बॅटऱ्यांचा चकवा

बहुतेक पॅनेलं २४ व्होल्टवर चालतात, आणि बॅटऱ्या मिळतात १२ व्होल्टच्या. म्हणून दोन बॅटऱ्या एकापुढे एक, म्हणजे एकसरीत जोडतात. आता सांगा, १८ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या अशा जोडल्या, तर एकूण किती अँपिअर-तास?

३६ म्हणालात? चकलात! एकसरीत व्होल्ट वाढतात, अँपिअर-तास तेवढेच राहतात. दोन पाण्याच्या टाक्या एकीवर एक ठेवल्या, तर पाण्याचा जोर वाढतो, तसंच हे. म्हणून ‘९ ची एक, ९ ची दुसरी, झाले १८’ असा हिशेब करणारा माणूस निम्मीच शिदोरी बांधतो. त्यांत एक जुनी आणि एक नवी अशी जोडीही लावायची नाही. जुनी आधी दमते आणि नवीलाही थांबवते. बैलगाडीला एक म्हातारा आणि एक तरणा बैल जुंपला, की काय होतं ते तुम्हांला ठाऊकच आहे.

तारेचा कर

शिदोरी पुरेशी झाली, पण ती पोचायलाही हवी. समजा मुलींचं वसतिगृह पॅनेलपासून २०० मीटरवर आहे आणि तिथे ४ भोंगे आहेत. चौघांची मिळून धारा २४० मिलिअँपिअर, म्हणजे ०.२४ अँपिअर. वीज जाणार २०० मीटर आणि परत येणार २०० मीटर, म्हणजे तार ४०० मीटर. जाता-येता ही तार थोडे व्होल्ट कर म्हणून कापून घेते.

दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. ४०० मीटरला ४.८ ओहम. कर किती? ओहमचा नियम आठवा : ०.२४ × ४.८ = १.१५ व्होल्ट. आता पैसे वाचवायला कुणी तिच्या एक तृतीयांश जाडीची, अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार टाकली, तर रोध तिप्पट आणि करही तिप्पट : ३.४६ व्होल्ट.

यात काय बिघडलं? भोंग्यावर लिहिलंय, १८ ते ३० व्होल्ट. बॅटरी भरलेली असताना सुमारे २५ व्होल्ट देते. त्यातून ३.४६ गेले, तरी साडेएकवीस उरले. भोंगा मस्त वाजतो. पाहुणे टाळ्या वाजवतात, फीत कापली जाते. पण पाचव्या रात्री बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते. ती २१ व्होल्टवर आलीय. त्यातून ३.४६ वजा केले, की उरले साडेसतरा. मुलींच्या वसतिगृहातला भोंगा वाजणारच नाही! जाड तार असती, तर २१ वजा १.१५, म्हणजे १९.८५ व्होल्ट. भोंगा वाजला असता. म्हणून हिशेब नेहमी शेवटच्या रात्रीचा करायचा, उद्घाटनाच्या दिवसाचा नव्हे.

रिकामा तुंबा पुन्हा भरायचा

पाच दिवसांनी लाइन आली. पण ती किती वेळ टिकेल, कुणी सांगावं? म्हणून बॅटरी लवकर भरली पाहिजे. युरोपातल्या मानकात अट आहे, की रिकामी बॅटरी २४ तासांत निदान ८० टक्के भरली पाहिजे. १८ चे ८० टक्के म्हणजे १४.४ अँपिअर-तास. भागिले २४, झाले ०.६ अँपिअर. भरताना थोडी वीज वाया जाते, त्यासाठी पाचवा हिस्सा जास्त धरा : ०.७२. आणि त्याच वेळी पॅनेलही जेवत असतंच, त्याचे ०.१०३. म्हणजे चार्जर निदान ०.८२ अँपिअरचा हवा. मोठी बॅटरी आणली, पण चार्जर लहानाच ठेवला, तर तुंबा मोठा आणि ओतायला चमचा, अशी गत!

सौर पॅनेलांनी बॅटरी भरता येते, आणि रानातल्या शाळांना ती मोठी सोय आहे. पण पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यात ऊन किती मिळणार, हे धरूनच हिशेब करावा लागतो. नेमकी गरज असते तेव्हाच सूर्य रजेवर असतो!

उन्हाळ्याचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा तुम्हांला माहीत आहेच. ही शिशाची बॅटरी २५ अंशांच्या आसपास सुखात असते. त्याहून दर १० अंश तापमान वाढलं, की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून पत्र्याच्या छपराखाली, उन्हाच्या भिंतीवर तिला ठेवायचं नाही. तिच्या पाठीवर बसवल्याची तारीख लिहून ठेवायची आणि साधारण तीन-चार वर्षांनी, चालत असली तरी, बदलायची.

झोपलेला राखणदार ओळखायचा कसा?

मचाणावरचा राखणदार झोपला, तर निदान घोरतो तरी. बॅटरी मेलेला अलार्म भिंतीवर तसाच छान दिसतो. छतावर वाट्या तशाच, लाल बटण तसंच. सगळे निर्धास्त झोपतात. अलार्म नाही हे माहीत असतं, तर कुणी तरी पाळीपाळीनं जागलं असतं. म्हणून बंद पडलेला अलार्म हा नसलेल्या अलार्मपेक्षा वाईट.

याला उपाय सोपा आहे आणि त्यात तुम्हांलाही करण्यासारखं काही आहे. पॅनेलवर बिघाडाचा पिवळा दिवा असतो. तो लागला किंवा पॅनेल टीं टीं करू लागलं, तर ‘कटकट नको’ म्हणून आवाज बंद करून मोकळं व्हायचं नाही. सरांना किंवा बाईंना सांगायचं. आठवड्यातून एकदा मोठ्यांच्या देखत भोंगा वाजवून पाहायचा, आणि अधूनमधून लाइन बंद करून, बॅटरीवर वाजतो का तेही पाहायचं. काय झालं, ते तारखेसह वहीत लिहायचं. पॅनेल उघडणं आणि तारा जोडणं मात्र मोठ्यांचं आणि जाणकारांचं काम. तिथे हात घालायचा नाही, बरं का!

आणि एक जुनी वस्तू काढून टाकू नका. कितीतरी शाळांत घंटेच्या जागी लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला असतो. त्याला व्होल्टही लागत नाहीत आणि अँपिअर-तासही नाहीत. दगडानं बडवला, तरी गावभर ऐकू जातो. फक्त तो बडवायला कुणीतरी जागं असावं लागतं. ते जागं राहण्याचं काम आपण बॅटरीकडे सोपवलंय. म्हणून तिची शिदोरी बांधताना हात आखडायचा नाही.

तुमच्यासाठी कोडं

एका शाळेत पॅनेल ८० मिलिअँपिअर घेतं. डिटेक्टर २० आहेत, प्रत्येकी एक दशांश मिलिअँपिअर. ओरडताना एकूण ५०० मिलिअँपिअर लागतात. तिथे वीज जास्तीत जास्त दोन दिवस जाते. जागण्यासाठी ४८ तास, ओरडण्यासाठी अर्धा तास आणि वर चौथा हिस्सा जास्त धरा. ७ अँपिअर-तासांची बॅटरी पुरेल का? आणि हेडसरांच्या हौसेखातर २० मिलिअँपिअरचे दोन दिवे सतत जळत ठेवले, तर?

आधी वहीत सोडवा, मगच खाली बघा. आणि उद्या शाळेत गेलात, की छताकडे एकदा नजर टाका. वाटी दिसली, तर पॅनेल कुठे आहे आणि त्यातल्या बॅटरीवर तारीख कोणती आहे, ते सरांना विचारा. वाटी दिसलीच नाही, तर तेही विचारा.

(उत्तर : दिव्यांशिवाय ५.२३ अँपिअर-तास, म्हणजे ७ ची बॅटरी पास. दोन दिवे लावले, तर ७.६३, म्हणजे नापास!)